अमेरिकेत पियानोवादनात डीएमए: अर्ज, प्रीस्क्रीन आणि ऑडिशन

कोमल_गांधार
एका विद्यार्थिनीसाठी माहिती हवी आहे. मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची बी.ए., ट्रिनिटी कॉलेज लंडनचं एफटीसीएल (वादनातला फेलोशिप डिप्लोमा) आणि इंग्लंडमधून पियानोवादनातलं एमम्यूज (मास्टर्स), इतकं शिक्षण झालं आहे. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपासून अमेरिकेत डीएमए (डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स) करायचा विचार आहे. आता जून चालू आहे. कुठून सुरुवात करावी, प्रीस्क्रीनचं (ऑडिशनआधीच्या चाळणीचं) रेकॉर्डिंग मुंबई-पुण्यात नीट होऊ शकतं का, ऑडिशनला प्रत्यक्ष जावंच लागतं का, आणि खर्चाचं काय? ज्यांना आतली पद्धत माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती. इंग्रजीत माहिती पुष्कळ आहे, पण ती तिथेच शिकलेल्या मुलांना समोर ठेवून लिहिलेली असते.

सावनी_ह
वाचनखूण साठवली. गायनाबद्दलही कुणीतरी लिहा.

टेनरक्लेफ
आधी वेळापत्रक सांगतो, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे.

बहुतेक मोठ्या संस्थांची अंतिम तारीख १ डिसेंबर किंवा तिच्या आसपास असते. त्या दिवशी नुसता फॉर्म नव्हे, प्रीस्क्रीनचे व्हिडिओसुद्धा चढवलेले असावे लागतात. प्रीस्क्रीनचा निकाल साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीत, ऑडिशन जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, प्रवेशाची पत्रं मार्चमध्ये, आणि आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला उत्तर द्यायची तारीख १५ एप्रिल. याचा अर्थ, जून ते नोव्हेंबर एवढाच वेळ हातात आहे आणि तोही पूर्ण नाही, कारण रेकॉर्डिंग ऑक्टोबरमध्ये उरकलेलं बरं.

वेळेचा एक घोळ दरवर्षी होतो. '१ डिसेंबर रात्री ११:५९' ही न्यूयॉर्कची वेळ असेल, तर आपल्याकडे ती २ डिसेंबर सकाळी १०:२९. हे ऐकून लोक निवांत होतात. शेवटच्या रात्री जगभरातून अपलोड चालू असतात आणि दोन-तीन जीबीची फाईल अर्ध्यावर अडकते. २० नोव्हेंबरनंतर अपलोडसाठी काही शिल्लक ठेवू नका.

दुसरं, डीएमए ही पीएचडी नव्हे. ईस्टमन संगीतशाळेच्या हॉवर्ड हॅन्सन यांच्यासारख्या लोकांनी ही पदवी पुढे आणली, ती वादकाच्या वादनालाच डॉक्टरेटचं वजन मिळावं म्हणून. म्हणून मुख्य काम म्हणजे वादनाचे जाहीर कार्यक्रम, बहुधा तीन किंवा चार. त्याबरोबर इतिहास-थिअरीचे वर्ग, सर्वंकष परीक्षा, आणि शेवटी एक लेखी प्रबंध किंवा लेक्चर-रिसायटल (व्याख्यानासह वादन). इंडियाना आणि फ्लोरिडा स्टेटमध्ये हीच पदवी डीएम (डॉक्टर ऑफ म्युझिक) म्हणून मिळते. संकेतस्थळावर नुसतं डीएमए शोधलं तर या दोन्ही चांगल्या जागा नजरेतून सुटतात.

मडगावकर
पदव्यांबद्दल. एफटीसीएल हे ब्रिटिश चौकटीत लेव्हल ७ आहे, म्हणजे पातळी मास्टर्सची. पण ती पदवी नाही, डिप्लोमा आहे. अमेरिकन विद्यापीठाला प्रवेशासाठी पदवी लागते. या मुलीकडे एमम्यूज आहे, त्यामुळे प्रश्न नाही. गोव्यात आणि मुंबईत नुसत्या एफटीसीएलवर डीएमएची स्वप्नं पाहणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

अवरोह
थोडी असहमती. लेव्हल ७ म्हणजे लेव्हल ७. डिप्लोमा असला तरी वादनाची कसोटी तीच. चांगला शिक्षक पाठीशी असेल तर विद्यापीठ अपवाद करतं.

टेनरक्लेफ
@अवरोह, वादनाची कसोटी मोठी आहे, हे खरं. पण अपवाद शिक्षकाच्या हातात नसतो. संगीत विभाग होकार देतो आणि त्यानंतर विद्यापीठाचं ग्रॅज्युएट स्कूल कागद तपासतं. तिथे बसलेल्या माणसाने वादन ऐकलेलं नसतं. तो पाहतो: बॅचलर्स आहे का, मास्टर्स आहे का, किती क्रेडिट. एफटीसीएलला क्रेडिटचं गुणपत्रक नसतं. ते रेझ्युमेत ठळक लिहावं, पण मास्टर्सच्या रकान्यात लिहू नये.

याच कारणाने इंग्लंडमधली 'पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा' ही पदविकाही अडते. ती १२० ब्रिटिश क्रेडिटची असते, आणि पूर्ण मास्टर्स किमान १८० चं. दोन्हींत शिकवणारे तेच, वर्ग तेच, पण कागद वेगळा.

आणि तीन वर्षांची बी.ए.: बऱ्याच ठिकाणी पुढे मास्टर्स असलं की चालते, काही ठिकाणी चार वर्षांची बॅचलर्सच मागतात. प्रत्येक ग्रॅज्युएट स्कूलला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, संगीत विभागाचं तोंडी आश्वासन पुरेसं नाही. मुंबई विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज आजच टाका. डब्ल्यूईएसकडून (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून) मूल्यांकन मागितलं असेल तर ते 'कोर्स-बाय-कोर्स'च करून घ्या. साधं 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' घेतलं की पुन्हा पैसे आणि पुन्हा काही आठवडे.

ध्वनिवेध
प्रीस्क्रीन रेकॉर्डिंगबद्दल सविस्तर लिहितो. मुंबई-पुण्यात ते उत्तम होऊ शकतं, मात्र पावसाळा मध्ये येऊ देऊ नका.

पियानोला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के लागते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत ती ८० च्या वर असते. लाकडी साउंडबोर्ड फुगतो, ब्रिज वर उचलला जातो, तारांवरचा ताण वाढतो आणि मधला टापू जास्त वर चढतो. खालचे आणि वरचे स्वर तितके चढत नाहीत. त्यामुळे सप्तक सप्तकाशी जुळत नाही, आणि समितीच्या कानांना हे पहिल्या दहा सेकंदांत कळतं. शिवाय नमदे आणि बुशिंग फुगून पट्ट्या जड होतात, वेगाने एकच स्वर पुन्हा वाजवताना अडकतात. एट्यूडमध्ये (तंत्राचा कस पाहणाऱ्या रचनेत) ते लपत नाही. म्हणून ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा. खोलीतला एसी रेकॉर्डिंगच्या आधी दोन-तीन दिवस एकाच तापमानावर सलग चालू ठेवा, मग ट्यूनर बोलवा, आणि वाजवताना एसी तेवढ्यापुरता बंद करा. सकाळी ट्यूनिंग आणि दुपारी रेकॉर्डिंग असा एकच दिवस. ट्यूनरला थांबवून ठेवता आलं तर मध्यंतरात युनिसन (एकाच स्वराच्या दोन-तीन तारांची जुळणी) पुन्हा तपासता येतात, त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

माइक: दोन सारखे कंडेन्सर, ओआरटीएफ पद्धतीने, म्हणजे कॅप्सूलमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. पियानोच्या उघड्या झाकणाच्या बाजूला, दीड ते अडीच मीटरवर, साधारण पावणेदोन मीटर उंचीवर. खोली लहान आणि बोडकी असेल तर जवळ आणा, भिंतींवर सतरंज्या-गाद्या टांगा. हाताशी माइक नसतील तर झूमसारखा हँडी रेकॉर्डरही चालतो.

लेव्हल: सर्वांत मोठ्या ठिकाणी शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. त्यासाठी तुकड्यातला सर्वांत मोठा भाग आधी वाजवून घ्या. ऑटो गेन आणि लिमिटर बंद, हे सर्वांत महत्त्वाचं. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये ऑटो गेन पियानिसिमोला वर ओढतो आणि फोर्टिसिमोला दाबतो. मग वर्षभर कमावलेला उतार-चढाव सपाट होऊन ऐकू येतो, आणि समितीला वाटतं की वादकाकडेच तो नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ऑडिओ वेगळ्या यंत्रावर आणि व्हिडिओ वेगळ्यावर असेल तर सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी द्या, कारण दोन घड्याळं वीस मिनिटांत काही फ्रेमनी सरकतात. शेवटच्या टाळीवरून ते पकडता येतं.

कॅमेरा: वादकाच्या उजव्या बाजूने, चेहरा, दोन्ही हात आणि पट्ट्या एकाच चौकटीत, न हलता. १०८० पुरे. चांगला प्रकाश असावा. सजावट नको, शीर्षकं नकोत.

आणि नियम: एका मूव्हमेंटच्या (रचनेच्या एका स्वतंत्र भागाच्या) आत कट चालत नाही. दोन मूव्हमेंटच्या मध्ये थांबलेलं बहुतेक ठिकाणी चालतं, काही ठिकाणी पूर्ण सोनाटा सलग मागतात. सर्वांत कडक नियम ज्या शाळेचा, त्याप्रमाणे रेकॉर्ड करा म्हणजे एकच साठा सगळीकडे वापरता येतो.

किर्रकिटक
पुण्यात शेजारच्या कुकरच्या शिट्टीचा स्वर शोधून त्या स्केलमधला सोनाटा निवडावा काय? 😄

ध्वनिवेध
@किर्रकिटक 😄 शिट्टी परवडते, हॉर्न परवडत नाही. गंभीरपणे सांगायचं तर निवासी इमारतीत रात्री ११ ते पहाटे ५ हीच शांत वेळ, आणि तेव्हा पियानो वाजवला तर शेजारी वर येतात. म्हणून शाळेचं किंवा चर्चचं सभागृह रविवारी दुपारी भाड्याने घ्या. चार तासांपेक्षा जास्त ठरवू नका, त्यापुढे हात आणि कान दोन्ही थकतात.

तंबोरा
विषयाला थोडा फाटा. सतार किंवा हिंदुस्थानी गायनात डीएमए होतं का?

मडगावकर
@तंबोरा, अमेरिकन डीएमए वाद्यवार विभागांवर उभं आहे आणि तिथे सतारीचा, ख्यालाचा विभाग नसतो. जवळचे दोन रस्ते: कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स या कलासंस्थेचं 'परफॉर्मर-कंपोझर' डीएमए, जिथे स्वतःची रचना करणाऱ्या कुठल्याही परंपरेच्या वादकाला जागा आहे, आणि वेस्लियनसारख्या ठिकाणची एथ्नोम्युझिकॉलॉजीतली (जगभरच्या संगीतपरंपरांच्या अभ्यासातली) पीएचडी, पण ती संशोधनाची पदवी आहे, वादनाची नव्हे.

भारतातच करायचं तर पीएचडी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, त्यात किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला वापरता येतात: ७० टक्के वजन नेटला, ३० टक्के मुलाखतीला. त्यात ऐकवून प्रवेश मिळवायचा भाग जवळजवळ नाही, प्रबंधच मुख्य. गायकाला गायनासाठीच डॉक्टरेट द्यायची सोय आपल्या विद्यापीठांत मूळ धरत नाही, ही खंत आहे.

तंबोरा
समजलं, धन्यवाद. वेगळा धागा काढतो, इथे विषय चालू दे.

पेडल_तिसरं
रचनांबद्दल कुणी लिहिलं नाही. पियानो डीएमएसाठी साधारण मागणी अशी: बाखचं एक प्रिल्युड-फ्यूग किंवा तशीच कॉन्ट्रापुंटल (अनेक स्वररेषा गुंफलेली) रचना, एक पूर्ण क्लासिकल सोनाटा (हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन, काही ठिकाणी शुबर्ट), एक मोठी रोमँटिक रचना, विसाव्या-एकविसाव्या शतकातलं एक काम, आणि बऱ्याच ठिकाणी एक-दोन एट्यूड. सगळं पाठ. डीएमएला बहुधा तासभराचा पूर्ण कार्यक्रम तयार असावा अशी अपेक्षा असते, प्रत्यक्षात ऐकतात २० ते ३० मिनिटं.

माझं मत: सर्वांत अवघड रचना घेऊन जा. डॉक्टरेटच्या ऑडिशनला सगळेच चांगलं वाजवतात, तुमची उंची दिसली पाहिजे. बेथोव्हेनचा ओपस १०६ वाजवू शकणारी मुलगी असेल तर तो ठेवावा.

टेनरक्लेफ
इथे मी ठाम विरोधात आहे. ओपस १०६ म्हणजे चाळीस मिनिटांहून मोठा सोनाटा. समिती पहिल्या मूव्हमेंटचं एक्स्पोझिशन (सुरुवातीचा भाग) ऐकेल आणि सरळ शेवटच्या फ्यूगवर उडी मारायला सांगेल. थंड हाताने, मध्येच, तो फ्यूग सुरू करता येतो का, हा प्रश्न आहे. ओपस ११० वीस मिनिटांचा आहे, त्यातही फ्यूग आहे, त्यातही गाणं आहे, आणि कुठूनही सुरू केला तरी वादकाबद्दल सगळं कळतं. हायडनचा मोठा ई-फ्लॅट सोनाटा (होबोकेन १६:५२) तर उच्चार, विनोद, विराम यांसाठी समित्यांना आवडतो आणि फार थोडे अर्जदार तो आणतात.

पाहा, मास्टर्सच्या ऑडिशनला हात पाहतात. डीएमएला पाहतात की या व्यक्तीला उद्या अठरा वर्षांच्या मुलांसमोर उभं केलं तर ती काय शिकवेल. विराम, पेडल, आवाजाचे थर, फ्रेजचा शेवट, यातून ते दिसतं. चुकलेला एक स्वर कुणी मोजत नाही. टेंपो ढासळला की मात्र लगेच लिहून घेतात.

ऑडिशनमध्ये पहिली रचना तुम्ही निवडता, बाकीच्या समिती निवडते. म्हणून पहिली अशी असावी जी अनोळखी पियानोवर, थंड खोलीत, हात गरम न होता वाजवता येते. एट्यूडने सुरुवात करू नये. मध्येच 'थँक यू' म्हणून थांबवलं तर घाबरू नये, तो वेळेचा प्रश्न असतो.

पेडल_तिसरं
उडी मारायला सांगतात हा मुद्दा मान्य. तालमीत त्याचा सराव करायलाच हवा: प्रत्येक रचनेत आठ-दहा जागा ठरवून, चिठ्ठ्या टाकून, निघेल तिथून सुरू करणं. पण आधुनिक रचनेबाबत मी म्हणेन की धाडस करा. लिगेटीची एट्यूड किंवा जिवंत संगीतकाराची एखादी रचना ठेवली तर यादी दहा जणांसारखी दिसत नाही.

टेनरक्लेफ
आधुनिक रचनेबाबत पूर्ण सहमत. आणि भारतीय संगीतकाराने पियानोसाठी लिहिलेली एखादी चांगली रचना असेल तर जरूर. मात्र ती खरोखर चांगली असल्यामुळे निवडा, केवळ भारतीय म्हणून नको. समिती 'हे का निवडलं' असं विचारणारच.

बारावा_मजला
शिक्षकांना आधी ईमेल करावी की नाही? काही जण म्हणतात त्रास देऊ नये.

मडगावकर
करावीच. डीएमएत विद्यापीठ निवडायचं नसतं, शिक्षक निवडायचा असतो. एखाद्या स्टुडिओत (एका शिक्षकाच्या विद्यार्थ्यांच्या गटात) त्या वर्षी डॉक्टरेटची जागा एकच असते, कधी एकही नसते, आणि हे संकेतस्थळावर लिहिलेलं नसतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाच-सहा ओळींचं पत्र: कोण, कुठे शिकले, काय वाजवते, एका अलीकडच्या वादनाची लिंक (दहा मिनिटांहून मोठी नको), आणि दोन सरळ प्रश्न: पुढच्या वर्षी तुमच्याकडे डॉक्टरेटची जागा आहे का, आणि ऑनलाइन एक शिकवणी घेता येईल का. फी विचारा, फुकट गृहीत धरू नका. एकच मजकूर वीस जणांना पाठवला की तो ओळखू येतो. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण.

शिकवणी मिळाली तर तिथे उत्तम वाजवून दाखवणं हा उद्देश ठेवू नये. शिक्षक काहीतरी बदलायला सांगतो आणि तो बदल तिथल्या तिथे होतो का, हे तो पाहतो. तुम्हीही पाहा की त्याचं सांगणं तुमच्या कामाचं आहे का. पुढची तीन-चार वर्षं त्याच खोलीत जाणार आहेत.

अवरोह
खर्चाचा मुद्दा राहतोय. मला वाटतं पैशांकडे पाहून चांगली शाळा सोडू नये. नाव आयुष्यभर राहतं, कर्ज फिटतं.

टेनरक्लेफ
@अवरोह, अहो, हे मी कुणालाही सांगणार नाही. डीएमएनंतरची नोकरी म्हणजे विद्यापीठातली प्राध्यापकी, जागा अगदी कमी आणि सुरुवातीचा पगार बेताचा. शिवाय एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पदवीनंतर कामाची मुभा (ओपीटी) १२ महिन्यांचीच मिळते. वादन हा विषय स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, त्यामुळे इंजिनियरांना मिळते ती २४ महिन्यांची वाढ नाही. रुपयातलं कर्ज घेऊन, पूर्ण फी भरून डीएमए करणं मला चुकीचं वाटतं. फी माफ आणि वर स्टायपेंड, असं असेल तरच जा.

आणि असं मिळतं. येलच्या संगीत विभागात २००५ मध्ये आलेल्या दहा कोटी डॉलरच्या देणगीमुळे सर्वांनाच शिकवणी शुल्क नाही. जुलियर्डच्या डॉक्टरल फेलोंना निवासी वर्षांचं शुल्क माफ असतं. पण तिथे जागा मोजक्या. खरा आधार म्हणजे मोठी सरकारी विद्यापीठं: इलिनॉय, मिशिगन, टेक्सास-ऑस्टिन, नॉर्थ टेक्सास, सिनसिनाटी, मिनेसोटा वगैरे. तिथे टीचिंग असिस्टंटशिप असते. क्लास-पियानो (गटाने घ्यायचा पियानोचा वर्ग) शिकवायचा, गायक-वादकांना साथ करायची, थिअरीचे गट घ्यायचे. आठवड्याला १० तास म्हणजे क्वार्टर-टाइम, २० म्हणजे हाफ-टाइम. सत्र चालू असताना एफ-१ वर २० तासांहून जास्त काम करता येत नाही, म्हणून हाफ-टाइम घेतल्यावर बाहेरचं काही नाही. 'ट्यूशन वेव्हर' (शिकवणी शुल्क माफ) म्हटलं तरी विद्यापीठाच्या इतर फी आणि आरोग्यविमा माफ आहे का, हे वेगळं विचारा. तिथे दर सत्राला चांगली रक्कम जाऊ शकते.

असिस्टंटशिपसाठी वेगळा फॉर्म असतो, वेगळी मुदत असते, आणि इंग्रजी बोलण्याचे गुण साध्या प्रवेशापेक्षा जास्त मागतात. टोफेलचे गुण दोन वर्षंच चालतात. इंग्लंडमधल्या पदवीमुळे प्रवेशाला टोफेल बहुधा माफ होईल, पण असिस्टंटशिपला माफ होईल असं गृहीत धरू नका.

सावनी_ह
पियानोवाल्यांना साथीमुळे काम मिळतं हे बरं आहे. तिच्या अर्जात साइट-रीडिंग आणि साथसंगतीचा अनुभव वर दिसला पाहिजे ना?

टेनरक्लेफ
अगदी बरोबर. एक-दोन साथीचे व्हिडिओ (गायकाबरोबरचा एक, व्हायोलिन किंवा चेलोबरोबरचा एक) प्रीस्क्रीनमध्ये मागत नसले तरी असिस्टंटशिपच्या अर्जाला जोडावेत. क्लास-पियानो शिकवतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओही.

कोमल_गांधार
सर्वांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. लेखी नमुन्याबद्दल सांगा. तिच्या एमम्यूजमध्ये लेखन फार थोडं होतं.

पेडल_तिसरं
बऱ्याच जणांचं इथेच अडतं. १० ते २० पानांचा शोधनिबंध मागतात, शिकागो पद्धतीच्या तळटीपांसह. संगीतकाराचं चरित्र आणि रचनेचं वर्णन एवढंच असेल तर तो नमुना कच्चा ठरतो. त्यात एक प्रश्न हवा आणि त्याचं उत्तर हवं. वादकाला जमेल असा प्रकार: एकाच सोनाटाच्या पहिल्या छापील आवृत्तीत आणि आजच्या उर्टेक्स्टमध्ये (मूळ पाठाला धरून केलेल्या आवृत्तीत) स्लर, पेडल किंवा डायनॅमिक्स कुठे वेगळे आहेत, संपादकाने काय गृहीत धरलं, आणि त्याने वादनात काय बदलतं. जुन्या आवृत्त्या आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहावर मोफत मिळतात. जी रचना ऑडिशनला वाजवणार तिच्यावरच लिहिलं तर मुलाखतीत दोन्ही गोष्टी एकमेकींना आधार देतात. जुलैत सुरुवात, सप्टेंबरअखेर पूर्ण, आणि कुणा संगीतशास्त्र जाणणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या.

काही ठिकाणी ऑडिशनच्या दिवशीच लेखी परीक्षा असते, बाकी ठिकाणी प्रवेशानंतर प्लेसमेंट, म्हणजे पातळी ठरवायची परीक्षा. थिअरीत चार आवाजांत हार्मनी, रोमन अंकांनी विश्लेषण, निअपोलिटन आणि ऑगमेंटेड सिक्स्थ, दूरच्या स्केलमधलं मॉड्युलेशन, सोनाटा आणि फ्यूगची रचना, ॲटोनल रचनेसाठी सेट आणि प्राइम फॉर्म. इतिहासात नाव झाकलेलं स्कोअरचं पान देतात: काळ सांगा, संगीतकाराचा अंदाज सांगा, कारणं द्या. तिथे अंदाज चुकला तरी कारणांना गुण असतात. खालच्या ओळीवर फिगर्ड बास दिसतो का, अल्बर्टी बास आहे का, वाद्यवृंदात क्लॅरिनेट आहे का, असं बोट ठेवून लिहायचं. प्लेसमेंटला नापास झालं तर पुन्हा वर्ग करावे लागतात, त्याचं क्रेडिट डीएमएत धरत नाहीत, आणि पहिलं वर्ष त्यातच जातं.

सावनी_ह
गायनाचं राहिलं 🙂

मडगावकर
थोडक्यात: इटालियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी या चारही भाषा, एक ऑपेरा आरिया, एक ऑरेटोरिओतली. साथीला माणूस हवा, ट्रॅक बहुतेक ठिकाणी चालत नाही. आपल्याकडच्या गायकांचं जर्मन उच्चारात आणि साथीदारात अडतं. साथीदाराबरोबर निदान तीन तालमी झाल्याशिवाय रेकॉर्डिंग करू नये.

व्हायोलिनवाल्यांनी बोचं (गजाचं) टोक तपासावं. जुन्या बोवर ते हस्तिदंताचं असू शकतं, आणि ते योग्य कागदांशिवाय अमेरिकेत नेलं तर सीमेवर जप्त होऊ शकतं. प्लास्टिकचं किंवा हाडाचं टोक बसवून घेतलं आणि बो-मेकरकडून तसं लिहून घेतलं की प्रश्न सुटतो. रोझवुड आणि क्लॅरिनेटच्या आफ्रिकन ब्लॅकवुडबद्दल लोक अजून घाबरतात, पण ब्राझिलियन रोझवुड सोडलं तर तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या) परवान्यातून सूट आहे.

बारावा_मजला
ऑडिशनला प्रत्यक्ष जावंच लागतं का, हा मूळ प्रश्न राहिला.

टेनरक्लेफ
बऱ्याच ठिकाणी नाही. परदेशी अर्जदाराला रेकॉर्डिंग किंवा झूमवर मुलाखत चालते. काही संस्था डॉक्टरेटला प्रत्यक्षच बोलावतात. मुंबईत व्हिजिटर व्हिसाची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून तशी शाळा यादीत असेल तर व्हिसाचा अर्ज प्रीस्क्रीनच्या निकालाची वाट न पाहता आधीच करावा. प्रत्यक्ष जाण्याचा फायदा खरा आहे: शिक्षक भेटतो, सध्याचे विद्यार्थी भेटतात, आणि स्टायपेंडवर त्या गावात राहता येतं का हे त्यांच्याकडूनच कळतं. हाच प्रश्न विद्यार्थ्यांना ईमेलवर विचारला तरी चालतो.

झूमवर असेल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, नाहीतर झूम पियानोचा लांबलेला स्वर खोलीतला गोंगाट समजून कापतं. वायफायऐवजी केबल. जानेवारी-फेब्रुवारीत न्यूयॉर्क आपल्या १० तास ३० मिनिटं मागे, कॅलिफोर्निया १३ तास ३० मिनिटं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून दोन्ही फरक एका तासाने कमी होतात. त्या आठवड्यातली मुलाखत असेल तर वेळ लेखी पक्की करा.

मुलाखतीत तीन प्रश्न हमखास: डॉक्टरेट का, प्रबंधाचा विषय कुठल्या दिशेने, आणि नवशिक्या मोठ्या माणसांचा वर्ग दिला तर पहिल्या दिवशी काय शिकवाल. तिसऱ्यावर लोक अडखळतात. पहिल्या तासाचा आराखडा तोंडपाठ नको, पण तयार हवा.

अवरोह
कर्जाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही, पण ओपीटीचा मुद्दा मी धरला नव्हता. त्याने हिशेब बदलतो.

कोमल_गांधार
शेवटचा प्रश्न. किती ठिकाणी अर्ज करावेत, आणि १५ एप्रिलचं नेमकं काय? एका ठिकाणी पैसे मिळाले आणि दुसरीकडे प्रतीक्षायादीत नाव असेल तर?

टेनरक्लेफ
सहा ते आठ. प्रत्येकी सुमारे शंभर डॉलर अर्जाची फी, वर काही ठिकाणी अपलोडची वेगळी, शिवाय प्रत्येक शाळेची यादी थोडी वेगळी. आठाच्या पुढे गेलं की निबंध आणि ईमेल पातळ होतात. त्यांतल्या निदान पाच जागा अशा असाव्यात जिथे पियानोवाल्यांना असिस्टंटशिप खरोखर दिली जाते.

१५ एप्रिलचा ठराव अमेरिकेच्या काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा आहे. ज्या विद्यापीठांनी तो मान्य केला आहे ती आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला त्या तारखेआधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. यादी काउन्सिलच्या संकेतस्थळावर आहे, सगळ्या कॉन्झर्वेटरी (स्वतंत्र संगीतसंस्था) तीत नाहीत. मार्चअखेरीस प्रतीक्षायादीवाल्या शिक्षकाला स्पष्ट लिहा: मला अमुक ठिकाणी पूर्ण मदत मिळाली आहे, १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं आहे, तुमच्याकडे माझी पहिली पसंती आहे. आकडा लिहायला संकोच करू नका. पुष्कळदा १० ते १४ एप्रिल या दिवसांत जागा हलतात, कारण दोन-तीन प्रस्ताव धरून बसलेले विद्यार्थी तेव्हाच सोडतात. तेवढे दिवस ईमेल रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे पाहावी.

होकार दिल्यावर आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला कागद) येतं, मग सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे) ३५० डॉलर, व्हिसाचे १८५, आणि बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. असिस्टंटशिपचं पत्र आय-२० बरोबर घेऊन जायचं. निधीचा पुरावा तोच.

कोमल_गांधार
ट्रान्सक्रिप्टचा अर्ज उद्याच टाकायला सांगते. निबंधासाठी तिने ओपस ११० च्या आवृत्त्यांमधली पेडलची चिन्हं हा विषय धरला आहे. @पेडल_तिसरं, मसुदा ऑगस्टमध्ये वाचाल का?

पेडल_तिसरं
आनंदाने. फक्त तिसऱ्या मूव्हमेंटपुरताच ठेवायला सांगा. पूर्ण सोनाटा घेतला तर वीस पानांत मावणार नाही.